कळफलकाची वाटणी : स्वर डावीकडे, व्यंजने उजवीकडे

अकोला / प्रतिनिधी

'डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ' हे नाव अकोल्यात बातमीदारी करणाऱ्याला किती वेळा लिहावे लागते, याची मोजदाद ठेवण्यात अर्थ नाही. कपाशीवरील बोंडअळी असो, सोयाबीनचे नवे वाण असो की पावसाने दिलेली ओढ असो, बातमी अखेर या नावापाशी येतेच. संगणकावरील मराठीच्या मानक मांडणीत, म्हणजे 'इनस्क्रिप्ट'मध्ये, यातील पहिले 'डॉ' उमटवण्यासाठी उजव्या हाताच्या करंगळीला आपली जागा सोडून बाहेर जावे लागते. 'ड'साठी एकदा आणि 'ॉ'साठी त्याहूनही लांब. पुढे 'कृषी'तील ऋकार आला की तीच करंगळी आकड्यांच्या ओळीच्या टोकाकडे धाव घेते. हातातील सर्वांत दुबळ्या बोटाकडे सर्वांत लांबची कामे, असा हा कारभार आहे.

गेल्या वर्षी कळ दाबता दाबता कळ येऊ लागली. प्रथम करंगळीच्या मुळाशी, मग मनगटाच्या बाहेरच्या अंगाला आणि रात्री अंक छपाईला गेल्यानंतर थेट कोपरापर्यंत. डॉक्टरांनी औषध दिले, हाताला विश्रांती देण्यास सांगितले. दैनिकात काम करणाऱ्याला हा सल्ला कितपत पाळता येतो, हे वाचक जाणतातच. परंतु टंकलेखन करताना मनगट सरळ असते की वाकडे, हा त्यांनी विचारलेला प्रश्न डोक्यात घर करून राहिला. त्याचा पाठपुरावा करता करता घरातील जेवणाच्या टेबलावर दोन भागांत विभागलेला एक कळफलक तयार झाला. प्रस्तुत लेख त्यावरच लिहिला आहे.

आपले मनगट वाकडे होते की नाही, हे वाचकांना बसल्या जागी तपासता येईल. दोन्ही कोपरे अंगालगत ठेवून हात पुढे करावेत. ते खांद्यांच्या अंतरावर समांतर राहतात. आता ते नेहमीच्या कळफलकावर आणावेत. दोन कळींच्या मध्यबिंदूंमध्ये १९.०५ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच अंतर असते; दहा कळींची ओळ झाली जेमतेम १९ सेंटिमीटरांची. एवढ्या जागेत दहा बोटे बसवायची म्हणून हात आत वळतात आणि बोटे सरळ राहावीत म्हणून मनगटे बाहेर, करंगळीच्या दिशेने मोडतात. शिवाय तळवे पूर्ण पालथे करावे लागतात ते वेगळेच. दिवसातील पाच-सहा तास या स्थितीत गेले तर स्नायुबंध कुरकुरणारच.

कळींच्या ओळी एकमेकींखाली सरळ न बसता तिरक्या का सरकलेल्या असतात, याचे उत्तर तर निव्वळ ऐतिहासिक आहे. ख्रिस्तोफर शोल्स यांचे टंकलेखन यंत्र रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये बाजारात आणले. त्यात प्रत्येक कळीखाली एक लांब दांडी होती आणि दांड्या परस्परांना अडू नयेत म्हणून कळी तिरक्या बसवाव्या लागल्या. दांड्या गेल्या, यंत्रे गेली, तिरकेपणा राहिला. मोटारीला घोड्याचा लगाम लावून ठेवावा, त्यातला हा प्रकार.

कळफलक मधोमध कापून दोन्ही हातांना वेगळा करावा, ही कल्पनाही नवी नाही. जर्मनीत क्लॉकेनबर्ग यांनी १९२६ मध्येच ती मांडली होती. क्रोमर यांनी १९७२ मध्ये तिचा प्रयोगांच्या आधारे पुरस्कार केला आणि १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टने मध्यभागी दुभंगलेला 'नॅचरल' कळफलक आणल्यावर ती सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचली. दोन भाग पूर्णपणे सुटे असलेले आजचे परदेशी तयार कळफलक मात्र वाहतूक आणि सीमाशुल्क धरून आपल्याकडे फार महाग पडतात. म्हणून जगभरातील हौशी मंडळींनी आपापले आराखडे इंटरनेटवर मोफत खुले केले आहेत. कोणीही ते उतरवून घ्यावेत, हवे तसे बदलावेत आणि घरी बांधावेत.

दुभंगलेल्या कळफलकाने दुखणे बरेच होते, असा दावा करणे धाडसाचे ठरेल. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हात-मनगट दुखणाऱ्या ८० संगणक वापरकर्त्यांना सहा महिने वेगवेगळ्या प्रकारचे कळफलक देण्यात आले. त्यांपैकी एका दुभंगलेल्या प्रकारावर ठळक सुधारणा दिसली, सर्वांवर नाही. मनगट अधिक सरळ राहते, एवढे नक्की. बोटांना मुंग्या येत असतील, विशेषतः अंगठा, तर्जनी आणि मधले बोट रात्री बधिर होत असेल, तर सोल्डरिंगची कांडी हाती घेण्याआधी डॉक्टरांकडे जावे.

हे सारे इंग्रजी लिहिणाऱ्यालाही लागू आहे. मराठी लिहिणाऱ्याची गोष्ट इथून पुढे निराळी होते.

इनस्क्रिप्ट ही मांडणी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रमाणित केली. १९९१ च्या भारतीय मानकात तिचा समावेश झाला आणि पुण्याच्या 'सी-डॅक'ने ती देशभर रुजवली. तिच्यामागील तत्त्व साधे व सुंदर आहे : स्वर आणि त्यांच्या मात्रा डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे. मराठीत व्यंजनामागून स्वर येतो, म्हणजे एक हात कळ दाबत असताना दुसरा पुढच्या कळीवर तयार असतो. जोडाक्षर करणारे हलन्ताचे चिन्हही डाव्या हाताच्या मधल्या बोटाखालीच आहे. 'अकोला' लिहून पाहावे : अ डावीकडे, क उजवीकडे, ओकार डावीकडे, ल उजवीकडे, काना डावीकडे. 'वऱ्हाड' तर याहून सुरेख : व डावा, ऱ उजवा, हलन्त डावा, ह उजवा, काना डावा, ड उजवा. सहा कळी, आणि एकदाही एका हाताला लागोपाठ दोन कामे नाहीत. जणू दोन भावांनी मिळून मोट हाकावी.

म्हणजे कळफलक दुभंगण्याआधीच आपली लिपी दुभंगलेली होती. फक्त तिला दुभंगलेले लाकूड-लोखंड मिळाले नव्हते.

अर्थात ही वाटणी सर्वस्वी निर्दोष नाही. म, न आणि व ही तीन व्यंजने डावीकडेच राहिली आहेत, त्यामुळे 'अमरावती'त डाव्या हाताला दोनदा लागोपाठ दोन कळी दाबाव्या लागतात. अकोलेकरांना यात आनंद मानायचा असेल तर हरकत नाही. खरा दोष 'शिफ्ट' कळीचा आहे. इंग्रजीत ती मोठ्या लिपीसाठी अधूनमधून लागते. मराठीच्या पारंपरिक ३४ व्यंजनांपैकी १६ व्यंजने, म्हणजे ख, घ, छ, थ, ध, भ यांसारखी महाप्राण, शिवाय ण, श, ष आणि आपला लाडका ळ, शिफ्टखाली आहेत. अ, आ, इ, ई असे सुटे स्वरही सगळे तिथेच. म्हणजे मराठी टंकलेखकाची करंगळी इंग्रजी टंकलेखकाच्या करंगळीपेक्षा कितीतरी अधिक वेळा शिफ्टवर जाते. आणि दोन्ही अंगठे, हातातील सर्वांत दणकट बोटे, दिवसभर मिळून एकच काम करतात : दोन शब्दांत जागा सोडण्याचे.

घरी कळफलक बांधण्याचा मराठी माणसाला सर्वांत मोठा लाभ इथे आहे. दुभंगलेल्या आराखड्यांत प्रत्येक अंगठ्याखाली तीन-चार कळी असतात आणि कोणत्या कळीने कोणते काम करावे, हे आपण ठरवतो. मी शिफ्ट डाव्या अंगठ्याकडे दिली. 'विदर्भ'मधील भ आणि 'शेगाव'मधील श आता करंगळीला ठाऊकही होत नाहीत.

पैसे खर्च करण्यापूर्वी एक प्रयोग करून पाहावा. कार्यालयात किंवा नेटकॅफेत अडगळीत पडलेले दोन साधे यूएसबी कळफलक आणून एकाच संगणकाला जोडावेत आणि खांद्यांच्या अंतरावर ठेवावेत. डावा हात एकाच्या डाव्या अर्ध्यावर, उजवा हात दुसऱ्याच्या उजव्या अर्ध्यावर. विंडोज आणि लिनक्समध्ये एकावरील शिफ्ट दुसऱ्यावरील अक्षराला लागू होते. टेबल भरून जाते, पाहणारे हसतात. पण आठ दिवसांत मनगटांना फरक जाणवतो की नाही, ते फुकटात कळते. फरक जाणवला नाही तर पुढचा मजकूर केवळ कुतूहल म्हणून वाचावा.

आराखडा निवडताना मराठी लिहिणाऱ्याने एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी, ती म्हणजे स्तंभांची संख्या. अनेक लोकप्रिय आराखडे प्रत्येक हाताला पाचच स्तंभ देतात. इंग्रजीची २६ अक्षरे त्यात मावतात. पण इनस्क्रिप्टमधील ड आणि ट उजवीकडच्या सहाव्या स्तंभात आहेत. पाच स्तंभांचा कळफलक आणला तर 'अकोट'चा ट कोठे ठेवावा, हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहतो. म्हणून मी 'कोर्ने' नावाचा जपानी आराखडा घेतला. त्यात प्रत्येक हाताला सहा स्तंभ, तीन ओळी आणि अंगठ्याच्या तीन कळी. एकूण ४२ कळी. ज्यांना आकड्यांची ओळ हवीच, त्यांच्यासाठी 'लिली ५८' हा ५८ कळींचा आराखडा सोयीचा.

४२ कळींत बाकीचे बसते कसे? त्याला थर म्हणतात. अंगठ्याखालील एक कळ दाबून धरली की तोच कळफलक दुसरा होतो : तिथे आकडे, विरामचिन्हे, बाण. याच थरात मी 'कृषी'चा ऋकार उजव्या तर्जनीखाली आणि 'डॉ'चा 'ॉ' मधल्या बोटाखाली आणून ठेवला.

आता सामान. कळफलकाचा पाया म्हणजे तांब्याच्या वाटा कोरलेली पट्टी, पीसीबी. आराखड्याची फाइल चिनी कारखान्याकडे पाठवली की पट्ट्या छापून येतात. साधारणपणे किमान पाच घ्याव्या लागतात आणि एका कळफलकाला दोन लागतात. जास्तीच्या पट्ट्या वाया जात नाहीत, हे पुढे कळेलच. कळींखालचे स्विच ४२. चेरी या कंपनीच्या ज्या स्विचवर हा सारा उद्योग उभा आहे, त्याच्या पेटंटची मुदत संपल्यानंतर अनेक कंपन्या तसेच स्विच बनवू लागल्या आणि ते स्वस्त झाले. ते आणि प्रत्येक भागासाठी एक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे बोटाएवढा संगणक, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत विचारावा, नाहीतर ऑनलाइन मागवावा. डायोड, डाख, तार आणि साडेतीन मिलिमीटरचे सॉकेट मात्र टीव्ही-रेडिओ दुरुस्तीच्या कोणत्याही जुन्या दुकानात मिळते. वस्तू कशासाठी हवी आहे हे सांगितल्यावर दुकानदार काय म्हणेल, याची जबाबदारी लेखकावर नाही.

एका भागात २१ कळी आहेत. प्रत्येकीला स्वतंत्र तार द्यायची तर २१ तारा. त्याऐवजी कळींचे जाळे विणतात : चार आडव्या रेषा, सहा उभ्या. मायक्रोकंट्रोलर एकेक रेषा क्षणार्धात तपासत जातो आणि कोणत्या छेदबिंदूवर जोड झाला, यावरून कळ ओळखतो. दहा तारांत काम भागते. मात्र तीन कळी एकाच वेळी दाबल्या गेल्या तर वीज उलट वाटेने फिरून चौथीच कळ दाबल्याचा भास होऊ शकतो. तो टाळण्यासाठी प्रत्येक कळीला एक डायोड, म्हणजे विजेसाठी एकेरी मार्गाची पाटी. डायोडवरील काळा पट्टा पट्टीवरील खुणेच्या बाजूलाच यायला हवा. उलटा बसला तर ती कळ मुकी. नवशिक्याने लांब पायांचे डायोड बसतील अशीच पट्टीची आवृत्ती घ्यावी, वाटाण्याएवढ्या टेबलावरील तांदळाच्या कणीएवढे डायोड पहिल्या खेपेला झेपत नाहीत.

सोल्डरिंग अकोल्यात मे महिन्यात करू नये, हा अनुभवाचा सल्ला. पंखा लावला तर कांडीचे टोक थंड होऊन डाख नीट वितळत नाही आणि पंखा बंद केला तर माणूस वितळतो. मी पहाटे पाचला बसत असे. कांडी आधी जोडावर टेकवावी, दोन सेकंदांनी डाख लावावा; डाख कांडीवर वितळवून जोडावर थापण्याची सवय घातक आहे. जोड चकचकीत, मंदिराच्या कळसासारखा निमुळता दिसला की उत्तम. डाखात शिसे असते, म्हणून खिडकी उघडी ठेवावी, लहान मुलांना दूर बसवावे आणि उठताना हात साबणाने धुवावेत.

माझी चूक वेगळीच झाली. कोर्नेची पट्टी दोन्ही हातांसाठी एकच असते. एक सुलट, एक उलटी धरून भाग बसवायचे असतात. पहिला भाग मनासारखा झाल्याच्या आनंदात दुसराही तसाच केला. दोन डावे हात तयार झाले. पाचांपैकी तिसरी पट्टी त्या दिवशी कामी आली.

दोन्ही भाग गाणी ऐकण्याच्या हेडफोनला असते तसल्या चार जोडांच्या तारेने एकमेकांना जोडतात आणि त्यांपैकी एक भाग यूएसबीने संगणकाला. संगणकाची तार लावलेली असताना ही मधली तार कधीही काढू वा लावू नये; टोक आत सरकताना जोड क्षणभर भलत्याच ठिकाणी टेकतात आणि मायक्रोकंट्रोलर जळू शकतो.

स्विच धरणारी वरची पाटी नामफलक व ट्रॉफी बनवणाऱ्याकडून अमरावतीत लेझरने कापून घेतली. स्विचसाठी १४ मिलिमीटरचे चौकोनी भोक लागते आणि पाटीची जाडी दीड मिलिमीटर असेल तरच स्विचच्या बाजूचे चिमटे तिला पकडतात. मिळाले ते तीन मिलिमीटरचे ॲक्रिलिक, त्यामुळे चिमटे अडकेनात. अखेर प्रत्येक स्विचला थोडा गोंद लावावा लागला. खालचा तळ घराच्या जुन्या दाराच्या सागवानाचा, सुताराकडून दोन्ही भागांना आतल्या बाजूने किंचित उंच करून घेतलेला, म्हणजे तळवे पूर्ण पालथे होत नाहीत.

राहिली आज्ञावली. 'क्यूएमके' ही मोफत प्रणाली या कामाला पुरते. ब्राउझरमध्येच कळींची मांडणी ठरवून तयार झालेली फाइल मायक्रोकंट्रोलरवर चढवता येते. इथे अनेकांचा गैरसमज होतो. कळफलकाला मराठी येत नाही आणि यायची गरजही नाही. तो संगणकाला अक्षर नव्हे, कळीचा क्रमांक कळवतो. त्या क्रमांकाला 'क' समजायचे की 'के', हे संगणक ठरवतो. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की मिळणारी मांडणी इनस्क्रिप्टवरच बेतलेली असते. इनस्क्रिप्टची अक्षरे छापलेल्या कळी शोधत बसू नये. देवनागरीचे चिकट कागद लावावेत आणि पंधरा दिवसांनी काढून टाकावेत.

पहिले पंधरा दिवस वाईट जातात. पहिल्या आठवड्यात चार ओळींच्या अपघाताच्या बातमीला अर्धा तास लागला आणि त्या दिवसांत मी निमूटपणे जुना कळफलकच कार्यालयात वापरत होतो. तिसऱ्या आठवड्यात वेग परत आला. आजही तो पूर्वीपेक्षा फारसा वाढलेला नाही. तशी अपेक्षाही ठेवू नये. कोपरापर्यंत जाणारी कळ थांबली आहे. त्यात विश्रांतीचा वाटा किती, औषधाचा किती आणि कळफलकाचा किती, हे प्रामाणिकपणे सांगता येणार नाही.

दोन प्रकारच्या वाचकांनी जपून पाऊल टाकावे. लिपिक-टंकलेखक पदासाठी तयारी करणाऱ्यांना मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांचा वेग परीक्षा केंद्रातील साध्या कळफलकावरच दाखवायचा असतो. त्यांनी सराव त्यावरच करावा. सुटा कळफलक नोकरी लागल्यावर. दुसरे म्हणजे टंकलेखन यंत्रावर हात बसलेली पिढी. अमरावतीच्या कचेऱ्यांबाहेर अर्ज-प्रतिज्ञापत्रे टंकलिखित करून ज्यांनी संसार उभे केले, त्यांच्या बोटांत यंत्राची मांडणी मुरलेली आहे. यंत्रावर कागद सरकतो त्या क्रमाने चालावे लागे, म्हणून 'कि' लिहिताना आधी वेलांटी आणि मग क. इनस्क्रिप्टमध्ये उच्चाराप्रमाणे आधी क, मग वेलांटी. शिवाय यंत्राच्या मांडणीत स्वर-व्यंजनांची अशी वाटणी नाही, त्यामुळे कळफलक दुभंगल्याने मनगट सरळ होईल, पण हातांची पाळी लागणार नाही. ही मंडळी इनस्क्रिप्ट शिकण्याआधी केवळ अंगठ्याच्या शिफ्टसाठी असा कळफलक घेऊ शकतात. यंत्राच्या मांडणीतही शिफ्टचा जाच कमी नाही.

माझ्याकडे आता दोन पट्ट्या उरल्या आहेत. त्यांवर अमरावती कार्यालयातील एका सहकारी महिलेसाठी दुसरा कळफलक बांधायचा आहे. 'ॉ' कोठे बसवायचा, यावर सध्या आमचा वाद सुरू आहे. काना ज्या कळीवर आहे त्याच कळीवर, फक्त थर बदलून, तो असावा, असे त्यांचे म्हणणे. त्यांची सूचना माझ्या मांडणीपेक्षा सरस दिसते. माझा कळफलक पुन्हा संगणकाला जोडून एक कळ बदलायला दहा मिनिटेही लागणार नाहीत.